साठ तासांचे बीजगणित

अभ्यासक्रमात काय असावे याविषयी शिक्षणक्षेत्रात जेवढा वाद होतो, तेवढा तो अभ्यासक्रम किती तासांत आणि कोणत्या गतीने शिकवावा याविषयी होत नाही. पहिला प्रश्न तत्त्वाचा समजला जातो. त्यासाठी समित्या नेमल्या जातात, अहवाल लिहिले जातात. दुसरा प्रश्न केवळ वेळापत्रकाचा मानून शिक्षकाच्या टाचणवहीवर सोपविला जातो. वस्तुतः मागच्या बाकावर बसणाऱ्या विद्यार्थ्याचे भवितव्य बहुधा या दुसऱ्या प्रश्नावरच ठरत असते. अमेरिकेतील सार्वजनिक महाविद्यालयांत ‘इंटरमीजिएट अल्जिब्रा’ या नावाने शिकविल्या जाणाऱ्या बीजगणिताचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. हा विषय ठेवावा की काढून टाकावा, यावरून तेथे गेल्या दीड दशकात कायदे झाले, प्रयोग झाले, प्राध्यापकांत दोन तट पडले. मात्र सत्रातील साठ तासांचा विनियोग कसा करावयाचा, हा मूळ प्रश्न या गदारोळात मागेच राहिला. आपल्याकडे नव्या शैक्षणिक धोरणानुसार सत्रे, श्रेयांक आणि तास यांची फेरमांडणी होत असताना त्या अनुभवाकडे पाहणे अगत्याचे आहे.

उंबरठ्यावरचा विषय

अमेरिकेतील दोन वर्षांच्या या ‘कम्युनिटी कॉलेजां’ची आपल्या कनिष्ठ महाविद्यालयांशी गल्लत करता कामा नये. शालेय शिक्षण संपवून आलेले तरुण तेथे असतात, तसेच नोकरी करणारे, संसारी, शिक्षण अर्धवट सोडून दहा वर्षांनी परत आलेले आणि परदेशांतून येऊन स्थायिक झालेले प्रौढही असतात. शुल्क तुलनेने कमी. दोन वर्षांनी पदविकेसारखी एक पदवी मिळते, अथवा तेथून चार वर्षांच्या विद्यापीठात जाता येते. गरिबाला वर चढण्याची ही शिडी आहे आणि तिच्या तळच्या पायऱ्यांपैकी एक बीजगणिताची आहे.

विषय तसा आपल्या ओळखीचा. रेषीय समीकरणे, असमानता, बहुपदी, अवयव पाडणे, बैजिक अपूर्णांक, करणी, वर्गसमीकरणे, घातांक आणि लघुगणक ही सारी सामग्री आपल्याकडील नववी ते अकरावीच्या पातळीची आहे. शाळेत जे पक्के व्हावयास हवे होते ते महाविद्यालयात पुन्हा शिकवायचे, असे या विषयाचे स्वरूप. त्याच्याही खाली अंकगणित, पूर्वबीजगणित आणि प्राथमिक बीजगणित अशा पायऱ्या होत्या. प्रवेशाच्या वेळी एक चाचणी घेऊन विद्यार्थ्याने कोणत्या पायरीपासून सुरुवात करावी हे ठरविले जाई. कॅलिफोर्नियात तर २००९ पासून दोन वर्षांच्या पदवीसाठीही किमान या पातळीचे गणित आवश्यक ठरविण्यात आले. पुढे ज्याला उच्च गणिताशी कधीही कर्तव्य नव्हते, त्यालाही हा उंबरठा ओलांडणे भाग पडले.

गळतीचे अंकगणित

परिणाम काय झाला? कोलंबिया विद्यापीठाच्या कम्युनिटी कॉलेज संशोधन केंद्राने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, ज्यांना गणिताच्या अशा पूर्वतयारीच्या वर्गांकडे धाडण्यात आले, त्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश विद्यार्थ्यांनीच ती साखळी पूर्ण केली असे आढळले. त्यातही लक्षणीय गोष्ट ही की, गळलेल्यांपैकी बरेच जण वर्गात नापास झालेले नव्हते. ते पुढच्या वर्गात नाव नोंदवायलाच आले नाहीत.

यामागील गणित साधे आहे. समजा, एकापाठोपाठ तीन वर्ग पार करावयाचे आहेत, प्रत्येक वर्गात शंभरातले सत्तर उत्तीर्ण होतात आणि उत्तीर्ण झालेल्यांपैकी नव्वद टक्के पुढच्या वर्गात नाव घालतात. सत्तर टक्के निकाल कोणत्याही विभागप्रमुखाला वाईट वाटणार नाही. तरीही तीन वर्गांअखेर शंभरातले केवळ अठ्ठावीस शिल्लक राहतात. प्रत्येक शिक्षक आपापल्या वर्गापुरता यशस्वी आणि संस्था मात्र अपयशी, असे हे विपरीत दृश्य आहे.

या गळतीवर उपाय म्हणून निरनिराळ्या राज्यांनी पायऱ्याच काढून टाकण्यास सुरुवात केली. फ्लोरिडाने २०१३ साली कायदा करून बहुसंख्य विद्यार्थ्यांना पूर्वतयारीचे वर्ग ऐच्छिक केले. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने २०१७ साली ७०५ क्रमांकाचे विधेयक संमत केले. विद्यार्थ्याला एका वर्षाच्या आत पदवीपातळीचे गणित पुरे करण्याची अधिकाधिक संधी मिळेल अशीच त्याची वर्गवारी केली पाहिजे, असे बंधन त्याने महाविद्यालयांवर घातले आणि २०२२ च्या १७०५ क्रमांकाच्या विधेयकाने ते अधिक कडक केले. परिणामी तेथील अनेक महाविद्यालयांतून मध्यम बीजगणिताचा वर्ग जवळजवळ नाहीसा झाला. विद्यार्थी थेट संख्याशास्त्राच्या वा उच्च बीजगणिताच्या वर्गात बसू लागले आणि सोबत जोडवर्ग म्हणून काही जादा तास देण्यात आले.

या सुधारणांचे समर्थक सांगतात की, पूर्वी जे कधीच तेथवर पोहोचले नसते असे कितीतरी विद्यार्थी आता पदवीचे गणित उत्तीर्ण होत आहेत. ते खरे आहे. विरोधक सांगतात की, तयारी नसताना थेट वरच्या वर्गात बसून नापास होणाऱ्यांची संख्याही मोठी आहे. तेही खरे आहे. मात्र पायरी काढल्याने उंची कमी होत नाही. ज्याला अवयव पाडता येत नाहीत, त्याला ते कोठे तरी, कोणत्या तरी तासाला शिकवावेच लागतात. वर्गाचे नाव बदलले, साखळी तोडली, जोडवर्ग लावला, तरी तासांचा हिशेब चुकत नाही.

साठ तासांचा जमाखर्च

तो हिशेब एकदा मांडून पाहिला पाहिजे. पंधरा आठवड्यांचे सत्र, आठवड्याला चार तास. म्हणजे साठ तास. हा ‘तास’ पन्नास मिनिटांचा. या साठांतून सप्टेंबरमधील कामगार दिन, नोव्हेंबरमधील आभारदिन अशा सुट्ट्यांचे दोन तास वजा जातील. तीन चाचण्यांचे तीन आणि तपासलेले पेपर परत देऊन चुका समजावण्याचे तीन. आरंभीची ओळख व पूर्वज्ञानाची तपासणी दोन आणि अखेरची उजळणी दोन. एकूण बारा तास असे खर्ची पडतात, उरतात अठ्ठेचाळीस.

आता दुसरी बाजू. राईस विद्यापीठाच्या ‘ओपनस्टॅक्स’ उपक्रमाने या विषयाचे जे विनामूल्य पाठ्यपुस्तक काढले आहे, त्यात बारा प्रकरणे आहेत आणि बहुतेक प्रकरणांत चार ते आठ उपघटक. बाजारातील इतर पुस्तकेही साधारण याच आकाराची. अठ्ठेचाळीस तास बारा प्रकरणांत सारखे वाटले तर प्रत्येकी चार तास येतात. तासातील पहिली पंधरा मिनिटे घरी दिलेल्या उदाहरणांच्या शंकांत जातात. नव्या विषयाला उरतात पस्तीस. म्हणजे वर्गसमीकरणासारख्या प्रकरणाच्या वाट्याला दोन तास वीस मिनिटे! एवढ्या वेळात पूर्णवर्ग पद्धती, सूत्र, विवेचक, आलेख आणि शाब्दिक उदाहरणे शिकवावयाची. शिकवून होतीलही, पण ती शिकली जातील काय, हा प्रश्न आहे.

प्रत्यक्षात तास असे सारखे वाटलेही जात नाहीत. सत्राच्या आरंभी अपूर्णांक, ऋण संख्या, कंस सोडविणे यांच्या उजळणीत शिक्षक तीन-चार आठवडे घालवतो. वर्ग कच्चा आहे हे त्याला दिसत असते. त्याला पुढे जाववत नाही. मध्यंतरानंतर त्याचे लक्ष दिनदर्शिकेकडे जाते आणि घोडदौड सुरू होते. करणी एका आठवड्यात, वर्गसमीकरणे दीड आठवड्यात, आणि अखेरीस घातांकी फल व लघुगणक दोन तासांत फळ्यावरून पुसले जातात. ज्यांची तयारी आधीच होती, ते पहिला महिना कंटाळतात. ज्यांची नव्हती, ते शेवटच्या महिन्यात हात टेकतात.

गंमत अशी की, या पद्धतीने जो भाग नेमका चेंगरला जातो तोच सामान्य नागरिकाच्या सर्वाधिक उपयोगाचा आहे. दरसाल दर शेकडा आठ दराने चक्रवाढीने ठेवलेली रक्कम किती वर्षांत दुप्पट होईल? सरळव्याजाने साडेबारा वर्षे लागतील. चक्रवाढीने सुमारे नऊ. हे ‘नऊ’ कोठून आले, ते लघुगणकाशिवाय नीट उलगडत नाही. घराचे कर्ज, निवृत्तिवेतनाचा निधी, महागाईचा दर, लोकसंख्येची वाढ या सर्वांमागे तेच घातांकी फल उभे असते. आणि वेळापत्रकाने त्याला शेवटच्या आठवड्यातले शेवटचे दोन तास दिलेले असतात.

निवड टाळता येत नाही

अर्थशास्त्राचा पहिलाच पाठ असा की, साधने मर्यादित असताना एका गोष्टीची खरी किंमत म्हणजे तिच्यासाठी सोडून द्यावी लागलेली दुसरी गोष्ट. हा वैकल्पिक खर्च वर्गातल्या तासालाही लागू आहे. शांकवांना दिलेला प्रत्येक तास हा अवयवांपासून काढून घेतलेला तास असतो. ‘सर्व काही शिकविले’ असे म्हणणारा शिक्षकही निवड करीतच असतो. फक्त ती त्याच्या वतीने दिनदर्शिका करते.

म्हणून नियोजन पुस्तकाच्या पहिल्या पानापासून न करता सत्राच्या शेवटच्या दिवसापासून मागे करीत यावे. पुढच्या वर्गात पाऊल टाकताना विद्यार्थ्याला काय निश्चितपणे आले पाहिजे, हे आधी ठरवावे आणि त्याला लागणारे तास आधी राखून ठेवावेत. या विषयाची अंतर्गत बांधणी पाहिली तर ही निवड फारशी अवघड नाही. अवयव पाडणे हा त्यातला मध्यवर्ती सांधा आहे. क्षचा वर्ग अधिक पाच क्ष अधिक सहा या राशीचे अवयव पाडताना गुणाकार सहा आणि बेरीज पाच येईल अशा दोन संख्या शोधाव्या लागतात. दोन आणि तीन. ज्याला हे सहज सुचते, त्याला पुढे बैजिक अपूर्णांकांना संक्षिप्त रूप देता येते, वर्गसमीकरण सोडविता येते, आलेख अक्षाला कोठे छेदतो हे सांगता येते. ज्याला सुचत नाही, तो या तिन्ही ठिकाणी अडतो. येथे वाचविलेला एक तास पुढे तीन तास खातो.

उलट शांकव, श्रेढी, द्विपद प्रमेय आणि निश्चयक यांवर या वर्गातले पुढचे काहीच अवलंबून नाही. ज्यांना अभियांत्रिकीकडे वा कलनाकडे जायचे आहे, त्यांना हे विषय त्याआधीच्या वर्गात पुन्हा भेटतातच. ते वगळले तर अठ्ठेचाळीस तासांची मांडणी अशी होऊ शकेल: रेषीय समीकरणे, एकसामयिक समीकरणे व सरळ रेषेचे आलेख यांना आठ तास, बहुपदी व अवयवांना दहा, बैजिक अपूर्णांकांना सहा, घातांक व करणींना सहा, वर्गसमीकरणांना आठ, घातांकी फल व लघुगणकांना सहा. बेरीज चव्वेचाळीस. उरलेले चार तास कोणत्याही प्रकरणाच्या नावावर न टाकता मोकळे ठेवावेत.

या मोकळ्या तासांना अनेकांचा विरोध असतो. पण घरखर्चाचे अंदाजपत्रक करणारी कोणतीही गृहिणी आजारपणासाठी काही बाजूला ठेवल्याशिवाय महिना सुरू करीत नाही. बर्फवृष्टीने महाविद्यालय बंद राहील, एखादी चाचणी अनपेक्षितपणे वाईट जाईल, एखादे प्रकरण वर्गाच्या पचनी पडणार नाही. यांपैकी काही ना काही घडणारच. त्यासाठी तरतूद नसलेले नियोजन पहिल्या धक्क्यासरशी कोलमडते आणि मग शिक्षक ते पाहणेच सोडून देतो.

चाचणी केव्हा, सराव कसा

गतीचा दुसरा प्रश्न कळण्याच्या वेळेचा आहे. पहिली चाचणी पाचव्या आठवड्यात ठेवली तर विद्यार्थी मागे पडल्याचे त्याला आणि शिक्षकाला पाचव्या आठवड्यात कळते. तोवर बहुतेक ठिकाणी शुल्क परत मिळण्याची मुदत संपलेली असते, आणि चार आठवड्यांचे अज्ञान साचलेले असते. पंधरा मिनिटांची एक छोटी चाचणी पहिल्या आठवड्यात आणि दुसरी दुसऱ्या आठवड्याअखेर घेतली, तर रोग वेळेवर कळतो. या चाचण्यांत कोणत्या चुका सापडणार हे अनुभवी शिक्षकाला आधीच ठाऊक असते. अ अधिक ब यांचा वर्ग म्हणजे अचा वर्ग अधिक बचा वर्ग, असे लिहिणारे सापडतील. क्ष अधिक तीन भागिले तीन यातले दोन्ही ‘तीन’ खोडून क्ष उरवणारे सापडतील. ऋण संख्येने भागताना असमानतेचे चिन्ह उलटवायला विसरणारे सापडतील. या चुका सगळ्या वर्गाला तीन आठवडे अंकगणित पुन्हा शिकवून जात नाहीत. ज्या प्रकरणात त्या उपटतात, तेथेच त्या गाठून दुरुस्त कराव्या लागतात. उजळणीला आरंभी महिनाभर कोंडून ठेवण्यापेक्षा ती साऱ्या सत्रभर पसरली पाहिजे.

तिसरी गोष्ट सरावाची. पाठ्यपुस्तकातील संग्रह बहुधा त्या दिवशी शिकविलेल्या एकाच पद्धतीचे असतात. विद्यार्थी वीस उदाहरणे एकाच साच्यात घालून काढतो आणि आपल्याला येते असे समजतो. परीक्षेत साचा कोणता हेच ओळखायचे असते, आणि तेथे तो फसतो. ‘पुढचे पाठ, मागचे सपाट’ ही म्हण आपल्याकडे उगाच रूढ झालेली नाही. दहा उदाहरणे घरी द्यायची तर सहा आजची आणि चार मागच्या प्रकरणांतली, एवढा साधा नियम पाळला तरी उजळणीसाठी वेगळे तास मागावे लागत नाहीत.

चौथी गोष्ट विद्यार्थ्याच्या वेळेची. वर्गातील एका तासामागे घरी दोन तास अभ्यास, असा तेथील जुना संकेत आहे. म्हणजे या एका विषयासाठी आठवड्याला चार अधिक आठ, असे बारा तास. असे तीन विषय घेतले तर छत्तीस. दुकानात वा रुग्णालयात आठवड्याला पंचवीस-तीस तास काम करणाऱ्या आईकडून या संकेताची अपेक्षा करणे म्हणजे तिच्याजवळ नसलेल्या पैशांतून खर्च मांडण्यासारखे आहे. जो शिक्षक तासातली पंधरा मिनिटे तरी वर्गातच, आपल्या डोळ्यांदेखत उदाहरणे सोडवून घेण्यासाठी राखतो, तो प्रकरणे कमी शिकवतो. परंतु त्याच्या वर्गातले अधिक विद्यार्थी शेवटच्या आठवड्यापर्यंत टिकण्याचा संभव असतो.

केवळ जादा तास हा उपाय नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. न्यूयॉर्क शहर विद्यापीठाच्या तीन महाविद्यालयांत २०१३ साली ९०७ विद्यार्थ्यांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गटांत विभागणी करून एक प्रयोग करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. नेहमीच्या प्राथमिक बीजगणिताच्या वर्गात ३९ टक्के उत्तीर्ण झाले. तोच वर्ग आणि जोडीला आठवड्याची जादा कार्यशाळा अशा गटात ४५ टक्के. ज्यांना बीजगणित बाजूला ठेवून थेट संख्याशास्त्र आणि कार्यशाळा दिली त्या गटात ५६ टक्के. संख्याशास्त्र सर्वांनाच पुरेसे आहे, असा याचा अर्थ नव्हे. परंतु जुना मजकूर तसाच ठेवून वर तास चढविल्याने थोडेच साधते आणि काय शिकवायचे याची निवड केल्याने अधिक साधते, एवढे त्यातून निश्चित दिसते.

आक्षेप

प्रकरणे वगळली म्हणजे दर्जा घसरला, हा पहिला आक्षेप. दर्जा पुस्तकाच्या पृष्ठसंख्येवर मोजायचा की विद्यार्थ्याच्या हाती काय उरले त्यावर, हे एकदा ठरविले पाहिजे. बारा प्रकरणांची अर्धीमुर्धी ओळख असलेल्यापेक्षा सहा प्रकरणे पक्की असलेला विद्यार्थी सातवे आपले आपण वाचू शकतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वर्ग शिकविणारे पुष्कळसे शिक्षक अर्धवेळ असतात. पुस्तक, विषयसूची आणि सामाईक अंतिम परीक्षा हे सारे विभाग ठरवतो. एकट्या शिक्षकाने गती बदलली तर त्याचेच विद्यार्थी परीक्षेत मागे पडतील. हे खरे आहे आणि म्हणूनच हा प्रश्न एकट्या शिक्षकाच्या सद्बुद्धीवर सोडता येत नाही. तासांची वाटणी विभागाने एकत्र बसून केली पाहिजे आणि प्रश्नपत्रिकेतील गुणांचे वाटप त्या वाटणीशी जुळले पाहिजे. तिसरा आक्षेप हुशार विद्यार्थ्यांचा. मंद गतीत त्यांचे नुकसान होते, हे मान्य करावेच लागेल. त्यांच्यासाठी वेगळा, जलद वर्ग शक्य असेल तेथे असावा. जेथे शक्य नाही तेथे कोणाचे नुकसान भरून निघण्याजोगे आहे हे पाहावे. वगळलेले प्रकरण हुशार विद्यार्थी सुट्टीत वाचून काढील. मागे पडलेल्याला हरवलेले सत्र परत मिळत नाही.

आपल्या वर्गातला हिशेब

हे सारे सातासमुद्रापलीकडचे म्हणून सोडून देता आले असते, तर बरे झाले असते. परंतु आपल्या नव्या रचनेत व्याख्यानाचा एक श्रेयांक म्हणजे पंधरा तास आणि चार श्रेयांकांचा विषय म्हणजे साठच तास! महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत ही रचना २०२४-२५ पासून लागू झाली. कित्येक विषय दोनच श्रेयांकांचे, म्हणजे तीस तासांचे आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांना वर्षाला किमान १८० अध्यापनदिवस अपेक्षित आहेत. कागदावर हे दिवस असतात. प्रत्यक्षात लांबलेले प्रवेश, गणेशोत्सव आणि दिवाळी, अंतर्गत परीक्षा, उत्तरपत्रिकांची तपासणी, निवडणुकीची कामे यांतून साठाचे किती उरतात, ते ज्याचे त्याला ठाऊक.

आणि विद्यार्थी? अकरावीला वाणिज्य शाखा घेताना गणित की चिटणिसाची कार्यपद्धती, असा पर्याय समोर येतो आणि दहावीच्या गणिताने पोळलेली मुले बहुधा दुसऱ्या दाराने निघून जातात. कला शाखेत तर प्रश्नच नाही. हीच मुले दोन वर्षांनी पदवीच्या वर्गात अर्थशास्त्र घेऊन बसतात आणि मागणी-पुरवठ्याचे समीकरण समोर येते. मागणी म्हणजे शंभर वजा किंमतीची दुप्पट, पुरवठा म्हणजे दहा अधिक किंमत. तर समतोल किंमत कोणती? दोन्ही बाजू सारख्या मांडल्या की किंमत तीस आणि नग चाळीस, हे उत्तर दोन ओळींत येते. ज्या मुलाला या दोन ओळी येत नाहीत, त्याला लवचीकता, सीमांत खर्च, गुणक ही सारी प्रकरणे पाठ करावी लागतात. अर्थशास्त्र अवघड आहे असे तो म्हणतो; वस्तुतः त्याचे बीजगणित अडलेले असते.

याला उत्तर म्हणून काही महाविद्यालये पूर्वतयारीचे वर्ग भरवितात. पण ते श्रेयांकांबाहेर, वेळापत्रकाबाहेर, सकाळी लवकर वा दुपारी उशिरा असतात. ज्याला लोकल पकडायची आहे किंवा दुपारी दुकानावर जायचे आहे, तो तेथे येत नाही. ज्याची गरज कमी तो येतो. हे तास विषयाच्या साठ तासांच्या आतच घेतले पाहिजेत, आणि त्यासाठी बाकीचा मजकूर तेवढा कमी केला पाहिजे. आपल्या अभ्यासपत्रिकांत अनेकदा चार घटक आणि प्रत्येकाला पंधरा तास, प्रत्येकाला सारखे गुण असे छापलेले असते. जणू ज्ञानाच्या समान वड्या पाडता येतात. अभ्यास मंडळांनी प्रत्येक विषयाचा अत्यावश्यक गाभा वेगळा छापावा, त्याला एकूण तासांच्या तीन-चतुर्थांशाहून अधिक तास लागणार नाहीत अशी काळजी घ्यावी आणि प्रश्नपत्रिकेचा मोठा भाग त्या गाभ्यावर असावा. शिवाय प्रत्येक विभागाने सत्राअखेर एक साधा तक्ता करावा: कोणता घटक किती तासांत शिकवायचा होता आणि प्रत्यक्षात किती तास लागले. दोन-तीन वर्षांचे असे तक्ते हाती आले तर पुढचे नियोजन अंदाजाऐवजी अनुभवावर होईल. यासाठी अनुदान लागत नाही, आयोग लागत नाही.

‘पोर्शन पुरा झाला’ हे आपल्या शिक्षकवर्गातील सर्वांत समाधानाचे वाक्य आहे. पोर्शन पुरा करण्याचे बंधन वरून येते, तपासणी त्याचीच होते, म्हणून शिक्षकाला त्यासाठी दोष देण्यात अर्थ नाही. परंतु त्या वाक्यात विद्यार्थी कोठेच नाही. अमेरिकेने आधी पायऱ्या वाढवून पाहिल्या, मग पायऱ्या काढून पाहिल्या. दोन्ही वेळा वर्गातल्या तासाचा प्रश्न शिल्लकच राहिला. आपल्याकडे नव्या धोरणाची सत्रे अजून बसावयाची आहेत, प्रश्नपत्रिकांचे साचे अजून पुरते घट्ट झालेले नाहीत. तोवर अभ्यास मंडळांनी साठ तासांचा खरा जमाखर्च मांडला, तर पहिल्याच सत्रात गळून पडणारी काही मुले तरी दुसऱ्या सत्राच्या हजेरीपटावर दिसतील.